महुआच्या मुलखात: पूर्व बंगालच्या पालागानांमागे

सोमवार, कोलकाता

पुस्तकांच्या टपऱ्यांनी भरलेल्या कॉलेज स्ट्रीटवर मी ‘मैमनसिंह...’ एवढंच म्हणाले आणि टपरीतल्या काकांनी मागे न बघता हात घालून ‘मैमनसिंह गीतिका’ काढून समोर ठेवली. मैमनसिंह हा पूर्व बंगालचा, आजच्या बांगलादेशातला मुलूख आणि हे तिथल्या लोकगाण्यांचं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, पण अजून खपतं. कलकत्ता विद्यापीठानं ते १९२३ मध्ये छापलं, संपादक दिनेशचंद्र सेन. आत दहा पाला आहेत. पाला म्हणजे एकेका कथेचं रात्रभर चालणारं गाणं: महुआ, मलुआ, चंद्रावती, काजलरेखा, दिवाना मदिना वगैरे. इंग्रजी भाषांतराचा पहिला खंडही त्याच वर्षी निघाला. पुढे १९३२ पर्यंत ‘पूर्वबंग गीतिका’ या नावानं आणखी खंड येत राहिले.

आपल्याकडे हे काम तीसेक वर्षं आधी झालं होतं. इंग्रज अधिकारी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. पण त्यात कोण भेटतं? अफझलखान, तानाजी, पेशवे. मैमनसिंहच्या गाण्यांत राजेरजवाडे जवळजवळ नाहीतच. जे थोडे दिवाण आणि काजी आहेत ते बहुतेक खलनायक. मध्यभागी उभी असते ती भटक्या बेद्यांच्या टोळीत कसरती करणारी महुआ, काजीच्या छळाला पुरून उरणारी मलुआ, नवऱ्याचा तलाकनामा हातात पडला तरी ‘थट्टा केली असेल’ म्हणून त्याची वाट बघत बसलेली मदिना. ही मदिना फ्रेंच लेखक रोमां रोलांना फार आवडली होती. मला स्वतःला मलुआ जास्त आवडते, कारण ती भांडते.

माझ्याबरोबर कोलकात्याची मैत्रीण होती. तिचं आजोळ मैमनसिंहचं, फाळणीत सुटलेलं. आजोळच्या बोलीत तिला फक्त शिव्या आणि अंगाई येतात. या प्रवासात दोन्हींचा उपयोग झाला.

मंगळवार, मैत्री एक्स्प्रेस

फेब्रुवारी २०२४. कोलकाता ते ढाका जाणारी मैत्री एक्स्प्रेस तेव्हा चालू होती. सकाळी कोलकाता स्टेशनातच पासपोर्टावर शिक्का बसला की ढाका कॅन्टोन्मेंटपर्यंत कोणी उतरवत नसे. दुपारी पद्मेवरचा हार्डिंज पूल आला. १९१५ चा पूल, लालसर लोखंडाचा, आणि खाली हिवाळ्यात आटलेली, तरी नजर पुरणार नाही एवढी नदी.

वाटेत मी चंद्रकुमार दे यांच्याबद्दल वाचत होते. पुस्तकावर मोठ्या अक्षरात नाव दिनेशचंद्रांचं, पण चिखल तुडवला चंद्रकुमारांनी. जन्म १८८९, नेत्रकोनाजवळच्या केंदुआ भागातलं आइथर गाव. आईबाप लवकर गेले, शाळा जेमतेम. महिना एक रुपया पगारावर किराणा दुकानात लागले. गिऱ्हाईक उभं आणि हा गडी दुसऱ्याच तंद्रीत, म्हणून मालकानं घालवून दिलं. मग दोन रुपयांवर सारावसुलीची नोकरी मिळाली आणि तिथं नशीब उघडलं, कारण वसुलीला गावोगाव फिरायचं आणि रात्री कुणाच्या तरी अंगणात गाणं ऐकत बसायचं. सारा किती वसूल झाला देव जाणे, वह्या मात्र भरत गेल्या.

मैमनसिंहहून केदारनाथ मजुमदार ‘सौरभ’ नावाचं मासिक काढत. त्यात चंद्रकुमारांनी चंद्रावती या कवयित्रीवर लिहिलेला लेख दिनेशचंद्रांच्या वाचनात आला. त्यांनी चौकशी केली तर कळलं, लेखक डोक्याच्या विकारानं आजारी आहे, घरात दारिद्र्य आहे. बरं वाटल्यावर बायकोचे चांदीचे एकदोन दागिने विकून चंद्रकुमारांनी कलकत्त्याच्या तिकिटाची सोय केली. तिथं दिनेशचंद्रांनी औषधोपचार करवले, कलकत्ता विद्यापीठाचे कर्तेधर्ते आशुतोष मुखर्जी यांच्या पाठबळानं विद्यापीठाकडून महिना सत्तर रुपयांची संग्राहकाची नेमणूक मिळवून दिली. एक रुपयावरून सत्तर. पण काम तेच, लोकांच्या अंगणात जाऊन बसायचं.

तोवर अख्खी पाला येणारा गायक सापडणं अवघड झालं होतं. एकाकडे वीस ओळी, दुसऱ्या गावात मधला तुकडा, तिसरीकडे नुसता शेवट. ते जुळवून वही कलकत्त्याला पोस्टानं जायची. ‘महुआ’ अशीच जमली: साडेसातशेवर ओळी, दिनेशचंद्रांनी चोवीस भागांत मांडलेल्या.

बुधवार, ढाका

फेब्रुवारी म्हणजे बोइमेला, बोइ म्हणजे पुस्तक. बांगला अकादमी आणि समोरचं सुहरावर्दी उद्यान पुस्तकांनी आणि माणसांनी फुललेलं. मेट्रोचं ढाका विद्यापीठ स्टेशन नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे रिक्षावाल्यांचा राग मेट्रोवर आणि पोरांची झुंबड मेट्रोत. अकादमी १९५५ मध्ये बर्धमान हाउस या जुन्या वाड्यात सुरू झाली. लोकसाहित्य गोळा करणं हे तिच्या मूळ कामांपैकी एक. चौसष्ट जिल्ह्यांच्या लोकसंस्कृतीवर एकेक पुस्तक अशी तिची मालिका आहे. नेत्रकोना आणि किशोरगंजचे खंड घेतले, मैत्रिणीनं पिशवी उचलायला नकार दिला.

इथल्या एका स्टॉलवर जुना वाद पुन्हा ऐकायला मिळाला. ‘मैमनसिंह गीतिका’ कितपत खरी? भाषा अधूनमधून फारच नेटकी वाटते, प्रसंगांची मांडणी कादंबरीसारखी. काही विद्वानांनी सरळ म्हटलं की चंद्रकुमारांनी आणि संपादकांनी हात फिरवलाय. चेक अभ्यासक दुशान ज्बाव्हितेल यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं, १९६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठानंच छापलं. त्यांचा निष्कर्ष गाणी मुळात अस्सल असल्याचा. पुढे क्षितीशचंद्र मौलिकांनी त्याच मुलखातून पाठ पुन्हा गोळा करून सात खंड काढले, तेव्हा पाठभेद समोर आले. स्टॉलवरचे गृहस्थ म्हणाले, “आपा, गाणं खरं आहे, वही थोडी सजवलेली आहे.” मला हे पटतं. आजच्या मापानं त्या काळच्या संपादकाला झोडपणं सोपं आहे. मला खटकतं ते वेगळंच: शब्द आले, चाल आली नाही.

गुरुवार, किशोरगंजला

एगारोसिंधुर एक्स्प्रेस. ईशाखान या इथल्या जुन्या सरदाराच्या किल्ल्यावरून पडलेलं गाडीचं नाव. भैरवबाजारला बराच वेळ थांबली, उकडलेली अंडी खाल्ली, चहा प्यायलो. संध्याकाळी लॉजवर भाताबरोबर चेपा शुटकीची भर्ता. मुरवलेल्या माशाचा वास असा की शेजारच्या टेबलावरून आधी पोचतो. चव मात्र झकास. आमच्या कोकणातल्या कुणालाही पानात वाढावी.

शुक्रवार, पातुआइर

किशोरगंज गावाबाहेर पातुआइर. इथं सोळाव्या शतकात द्विज बंशीदास राहायचे, सापांची देवी मनसा हिची गाणी रचायचे आणि गाऊन पोट भरायचे. चंद्रावती त्यांची मुलगी, बंगालीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती.

नयनचांद घोष नावाच्या कवीनं तिची पाला रचली. जयानंद आणि ती लहानपणापासून सोबत फुलं वेचणारी. लग्न ठरलं, मांडव पडला, आणि जयानंदानं दुसऱ्याच मुलीसाठी धर्म बदलून तिच्याशी लग्न केलं. चंद्रावती रडत बसली नाही. बापाकडे दोन गोष्टी मागितल्या: आजन्म कुमारिका राहायची परवानगी आणि शंकराचं देऊळ. बापानं दोन्ही दिलं, वर सांगितलं, रामायण लिही. पुढे पस्तावलेला जयानंद देवळाच्या दाराशी आला. तिनं दार उघडलं नाही. त्यानं संध्यामालतीच्या लाल रसानं दारावर निरोप लिहिला आणि निघून गेला. तिनं ते वाचलं, देऊळ विटाळलं म्हणून धुवायला नदीवर पाणी आणायला गेली, तर पाण्यावर तो तरंगत होता.

ती फुलेश्वरी नदी आता नावालाच उरली आहे. देऊळ मात्र उभं आहे: आठ कोनी, वर निमुळतं होत गेलेलं, भिंतींत कमानीचे कोनाडे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. आत जेमतेम दोघांना बसता येईल एवढी जागा. दारापाशी उभं राहून मी चौकट बघत राहिले. चुनागच्ची नवी, दार नवं, लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी प्रत्येक जण दाराचाच फोटो काढतो. आम्हीही काढला. शेजारी मोडकळीला आलेलं एक जुनं घर आहे, ते चंद्रावतीचं म्हणून दाखवतात. विटांवरून ते इतकं जुनं वाटत नाही, पण वाद कोण घालणार.

खरी ओढ मला तिच्या रामायणाची होती. ते अर्धवट आहे, रामापेक्षा सीतेचं जास्त आहे. युद्धाला त्यात चार ओळींचं मोल. त्यात कुकुया नावाची कैकेयीची मुलगी सीतेच्या मागे लागते, रावण कसा दिसायचा ते काढून दाखव. सीता पंख्यावर चित्र काढते, तिला झोप लागते, कुकुया तो पंखा तिच्या छातीवर ठेवून रामाला बोलावून आणते. संशयाला एवढं पुरतं. आपल्या बायकांच्या ओव्यांमध्येही हे आहे. तिथं कैकेयी सीतेकडून रावण काढून घेते, सीतेनं त्याचा फक्त अंगठा पाहिलेला, उरलेला रावण कैकेयी पुरा करते. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी पुण्याकडच्या गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या वाचलेल्या कुणालाही पातुआइरला ओळखीचं वाटेल. वाल्मीकीत नसलेला हा प्रसंग दोन टोकांच्या बायकांना कसा माहीत, याचं उत्तर बायकाच बायकांना सांगत आल्या असणार, एवढंच मी देऊ शकते.

देवळामागच्या वाडीत एक मावशी भाजी निवडत होत्या. मैत्रिणीनं तिच्या मोडक्या बोलीत विचारलं, लग्नात चंद्रावतीचं रामायण गातात का? “सासू गायची,” मावशी म्हणाल्या. “आता बोइत आहे की.” पण मग स्वतःहूनच सीतेच्या गर्भारपणाच्या दोन ओळी गुणगुणल्या, तिसरी आठवेना, सुनेला हाक मारली. सुनेनं मोबाइलमध्ये शोधून वाचून दाखवली. मावशींनी मान हलवली: “आमची अशी नव्हती.” कशी होती ते काही केल्या आठवलं नाही.

शनिवार, केंदुआ

सीएनजीनं केंदुआ. इकडे ऑटोरिक्षाला सीएनजीच म्हणतात. निवृत्त शिक्षक असलेले एक सर आमची वाट बघत होते. लोकगीतांचं वेड, स्वभाव करडा. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणतं, म्हणून आम्हीही सर.

आइथरला बघण्यासारखं फार काही नाही आणि ते बरंच आहे. तळी, सुपारीची झाडं, बांबूची बेटं. सर रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा सगळा पक्का आत्ता आत्ता झालाय, चंद्रकुमारांच्या वेळी पावसाळ्यात होडीशिवाय शेजारचं गावही नाही. त्यांच्याकडे वह्या होत्या, कंदील होता, बस्स. चंद्रकुमार १९४६ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी देश फुटला. ज्या विद्यापीठासाठी ते राबले ते परदेशात गेलं.

त्या काळी मैमनसिंह जिल्हा अवाढव्य होता. त्यातूनच पुढे किशोरगंज, नेत्रकोना, जमालपूर, शेरपूर, टांगाइल असे जिल्हे वेगळे झाले. म्हणून ‘मैमनसिंह गीतिका’ हातात घेऊन जो मैमनसिंह शहरात फिरेल त्याला फारसं काही मिळणार नाही. गाणी इकडची, पूर्वेची, हाओरांच्या म्हणजे पाणथळ सखल मुलखाच्या काठची.

संध्याकाळी नेत्रकोनात बालिश मिष्टी खाल्ली. बालिश म्हणजे उशी, आणि तेवढीच असते. एक तिघांत संपली नाही.

रविवार, हाओर

मोहनगंजकडे. ढाक्याहून इकडे येणाऱ्या एका गाडीचं नावच ‘महुआ’ आहे. हाओर म्हणजे बशीसारखा खोलगट प्रचंड भूभाग. पावसाळ्यात मेघालयावरचं पाणी उतरतं आणि सहा महिने समुद्र होतो, गावं उंचवट्यांवर बेटांसारखी उरतात. इकडची म्हणच आहे: पावसाळ्यात नाव, कोरड्यात पाव, म्हणजे पाय. आत्ता पाण्याच्या जागी बोरो भाताची हिरवी रोपं क्षितिजापर्यंत, मध्ये बदकांचे हजारोंनी कळप.

सर म्हणाले, हे पीक एकदा हाती आलं की पाणी चढतं, मग कामच नाही. सगळे उंचवट्यावर कोंडलेले. रात्रभराची गाणी अशाच ठिकाणी टिकतात, जिथं सहा महिने कुणाला कुठं जायचं नसतं. आता इंजिनाच्या होड्या आहेत, पोरं ढाक्यात कपड्यांच्या कारखान्यांत आहेत. धनू नदीच्या काठी त्यांनी दूरवर बोट दाखवलं: महुआची टोळी इथंच कुठंतरी उतरली होती.

सोमवार, रात्रीची पाला

गावाचं नाव देत नाही, कारण पुढे येईल. एका अंगणात प्लास्टिकच्या चटया, बांबूला एलईडी दिवा, मधे चौकोनी मोकळी जागा. डोहार म्हणजे साथीदार त्या चौकोनात बसलेले: हार्मोनियम, ढोल, मंदिरा म्हणजे छोट्या झांजा, एकाकडे बासरी. गायेन म्हणजे मुख्य गायक साठीच्या पुढचे, दिवसा शेती करतात. पायघोळ झगा, गळ्यात गमछा, हातात चवरी. मुलं पुढे, पुरुष कडेनं, बायका स्वयंपाकघराच्या ओसरीवर.

आधी वंदना. पूर्वेला सूर्य, उत्तरेला कैलास, दक्षिणेला चांद सौदागर जिथं व्यापाराला जायचा तो समुद्र, पश्चिमेला मक्का. छापील ‘महुआ’ही अशीच सुरू होते आणि एकाच दमात कैलास नि मक्का घेताना कुणालाही काही विशेष वाटत नाही. मग छापील पुस्तकात नसलेली वंदना झाली: युनियनचे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचे, चेअरमन, घरमालक, सर, आणि “बोंबाईहून आलेली दिदी”. मी बोंबाईची नाही हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग हुमरा बेद्या सहा महिन्यांची ब्राह्मणाची पोर चोरतो इथून गोष्ट लागली. एकच माणूस सगळं करतो. गमछा डोक्यावर आला की महुआ, कमरेला बांधला की हुमरा, खांद्यावर लोंबला की जमीनदाराचा मुलगा नद्याचांद. चालही बदलते: महुआ टाचा उचलून, हुमरा तळवे आपटत. थोडं गायचं, थोडं बोलायचं, डोहार ओळ उचलून धरतात तेवढ्यात गायेन पाणी पितात. घाटावरच्या प्रसंगात महुआ त्याला म्हणते, लाज नाही, गळ्यात घागर बांधून बुडून मर. नद्याचांद विचारतो, घागर कुठून आणू, दोरी कुठून आणू? पुढची ओळ गायेन बोललेच नाहीत. नुसता हात फिरवला आणि अख्ख्या अंगणानं म्हटली: तूच हो खोल नदी, मी तुझ्यात बुडून मरतो. ओसरीवरून सगळ्यात मोठा आवाज.

मध्यरात्रीनंतर टोळी पळालेल्या जोडीला शोधत असते, तिथं हुमरा झाडावर चढून मोबाइलला रेंज शोधायला लागला. रिचार्ज संपलेला. जावई शोधायला निघालेल्या बापाला कंपनीवाल्यांचा फोन येतो, ‘चाचा, नवीन ऑफर’. लोक लोळले. आणि त्या हशातूनच हुमरानं विषाची सुरी काढून महुआच्या हातात दिली, मार त्याला. हशा जिथं होता तिथंच थिजला. चंद्रकुमारांनी ऐकलेल्या ‘महुआ’तही असले तुकडे असणारच, त्या काळच्या दारोगावर, सावकारावर. वहीत ते उतरले असतील का? उतरले असले तरी कलकत्त्याला टिकले असतील का? छापील पानांत सुरी आहे, पण तिच्या आधीचं हसू नाही, आणि त्या हसण्याशिवाय ती एवढी लागत नाही.

संपलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी सगळं रेकॉर्ड केलं होतं. गायेन चहा घेता घेता म्हणाले, “दिदी, ऐका, ठेवा, शिकवा. यूट्यूबवर टाकू नका. फुकट दिसायला लागल्यावर मला कोण बोलावणार?” सरांचा चेहरा पडला, त्यांना जगाला दाखवायचं होतं. पण सुपारी घेऊन गाणाऱ्याचं पोट सुपारीवर. मी कबूल केलं. म्हणून गावाचं नाव नाही, त्यांचंही नाही.

मंगळवार, मैमनसिंह

ब्रह्मपुत्रेच्या काठी चित्रकार झैनुल आबेदिन यांचं संग्रहालय पाहिलं, मुक्तागाछाचा मंडा ही मिठाई घेतली. दुपारी कॉलेजातला एक मुलगा भेटला. तो खेड्यांतल्या किस्सा-पाला चित्रित करून त्याच्या चॅनेलवर टाकतो. गायकांना विचारून टाकतो, मिळकतीतला वाटाही देतो. किशोरगंजचे इस्लामउद्दीन पालाकार २०२३ मध्ये कोक स्टुडिओ बांगलाच्या ‘देओरा’ या गाण्यात झळकल्यापासून तरुण पोरं या गाण्यांकडे वळल्याचं त्यानं सांगितलं. मात्र वंदना तो कापतो, पहिल्या मिनिटाला लोक पळतात म्हणून. मी म्हटलं, कापलेलं कुठं तरी ठेव तरी. “हार्ड डिस्क महाग आहे, आपा.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून एक रिकामी हार्ड डिस्क होती ती त्याला देऊन टाकली.

रात्री सरांचा फोन. रेकॉर्डिंगची प्रत मेमरी कार्डात घालून मी त्यांच्याजवळ ठेवली होती, ती गायेनांना पोचली. नातू शिकतोय, त्याला ऐकवायला हवी होती. आणि निरोप होता: “बोरो कापून होऊ दे, पाणी चढू दे, मग या. मलुआ गातो. महुआ काय, कुणीही गातं.”